कासाराच्या दुकानाचा पडदा

श्री हरेश्वर प्रसन्न

शके १८५८, धातानाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी मृत्युपत्र लिहून ठेवणार मी बाबाजी रावजी कासार, वय सत्तरीच्या घरात, धंदा बांगड्या भरण्याचा, राहणार बोर्ली पंचतन, संस्थान जंजिरा, लिहून ठेवतो ऐसा जे:

माझी बुद्धी शाबूत आहे. कानही शाबूत आहेत, गावाला वाटते त्याहून जास्त. डोळे कामापुरते आहेत. हात मात्र कापतात, म्हणून मी सांगतो आणि मोरेश्वर मास्तर लिहितात. मास्तर म्हणाले, "बाबाजी, मृत्युपत्रात इतके बोलायचे नसते, कोणाला काय द्यायचे तेवढेच सांगायचे." मी म्हटले, मेल्यावर मला कोण बोलू देणार आहे? सांगतो ते सगळे लिहा. हे मी नशापाणी न करता, कोणाच्या भिडेस न पडता, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून दिवसाउजेडी लिहवून घेत आहे. साक्षीला ठमाबाई पाटलीण यांना बोलावले आहे. का, ते पुढे येईल. आत पडद्यापलीकडे माझी सून केसर बसली आहे. तिला सगळे ऐकू जाते आहे. जाऊ दे.

कलम १. माझ्या माणसांविषयी. माझी बायको मनुबाई वारली. एकुलता एक मुलगा सदा मुंबईस बांगड्यांचा माल आणायला गेला तो तिकडेच विषमज्वराने गेला. त्याला मूलबाळ नाही. त्याची विधवा केसर माझ्याजवळ राहते. भावाचा मुलगा हरेश्वर याचे समोर चहाचे दुकान आहे. याखेरीज माझ्या मिळकतीवर हक्क सांगणारे कोणी नाही, आणि कोणी उगवलाच तर त्याला आधी विचारावे की माझ्या दुखण्यात तू कुठे होतास.

कलम २. दुकानाविषयी. हे दुकान मी स्वतःच्या कमाईने बांधले. वडिलांचे दुकान नव्हते, ते बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून म्हसळ्यापर्यंत गावोगाव फिरत. तेव्हा यात वडिलोपार्जित असे काही नाही, आणि वडिलोपार्जित म्हणून कोणाला हिस्सा मागता येणार नाही. चतुःसीमा लिहायला हव्यात असे मास्तर सांगतात. त्या येणेप्रमाणे.

पूर्वेस बिन्यामीन तेल्याचा घाणा. मास्तरांनी "पडीक जागा" असे लिहिले होते, ते मी बदलायला लावले. आज तिथे एक दगडी उखळ आहे आणि त्यात कोणाची तरी कोंबडी अंडी घालते, पण मी बसायला लागलो तेव्हा या बाजूने दिवसभर घाण्याची करकर येत असे आणि सगळा बाजार तिळाच्या वासाने भरलेला असे. बिन्यामीन यहुदी, शनवार तेली. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बैल सोडायचा आणि मग शनिवार संपेपर्यंत कामाला हात नाही. गाव शुक्रवारीच तेल भरून ठेवायचे. शनिवारी तो धुतलेले कपडे घालून या पायरीवर येऊन बसायचा आणि गप्पा मारायचा. एकदा माझ्या हातून माळ सुटून बांगड्या पायरीवर घरंगळल्या. त्याच्या पायापाशी एक आली, पण वेचायला तो वाकला नाही. "आज न्हाय बाबाजी, आज शनवार. पाय हलवत न्हाय एवढंच," म्हणाला, आणि मी सगळ्या वेचेपर्यंत पाय तसाच धरून बसला. त्याची मुले शिकली, मुंबईस कारकून झाली, चांगले झाले. रॉकेलचे डबे आले, गिरणीचे तेल आले. पण घाणा तेलामुळे बंद पडला नाही. बिन्यामीनच्या मागे बैलामागून चालायला कोणी उरले नाही म्हणून बंद पडला.

दक्षिणेस तुकाराम शिंप्याची खोली, हल्ली कुलूप. तुकाराम भिडस्त. बायकांच्या अंगाला टेप लावायला त्याला लाज वाटे. तो म्हणायचा, जुनी चोळी आणा, त्या मापाने शिवतो. बायका आपली सगळ्यांत चांगली म्हणून लग्नातलीच चोळी आणत. त्यामुळे या गावातल्या बायकांनी आयुष्यभर नवरीच्या मापाच्या चोळ्या घातल्या आणि श्वास घेता येत नाही म्हणून दोष दमट हवेला दिला. खरे कारण तुकारामलाही माहीत होते. पण कोणाला सांगायचे, "बाई, तू आता नवरी राहिली नाहीस"? तो म्हणे, ते माझ्याच्याने होणार नाही. त्याचा मुलगा मुंबईस गिरणीत आहे. शिवणाचे यंत्र तो घेऊन गेला, तुकारामची कात्री माझ्याकडे राहिली.

उत्तरेस बोळ, बोळापलीकडे येसूबाईची भट्टी. भडभुंजीण. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला आणि भट्टी तिच्यावर पडली. पोहे, कुरमुरे, लाह्या. या गावात बारसे असो, लग्नातला लाजाहोम असो, लाह्या येसूबाईच्या हातच्या. विधवेच्या हातच्या लाह्या नवरानवरीने होमात टाकल्या, आणि कोणाचे काही वाकडे झाले नाही. कोणी कधी विचारलेसुद्धा नाही, कारण दुसरी भट्टी नव्हती. हे मास्तरांनी ठळक लिहावे. येसूबाई गेली आणि भट्टीवर पावसाने चिखल केला. आता कुरमुरे मुंबईहून गोणीने येतात, ते मऊ असतात.

पश्चिमेस रस्ता, त्यापलीकडे हरेश्वरचे चहाचे दुकान. हे एकच या चतुःसीमेत चालू आहे.

एवढे लांबण लावायचे कारण असे. लोक म्हणतात बाजार बदलला, गिऱ्हाईक गेले. गिऱ्हाईक कुठे गेले? बायकांना चोळ्या लागतात, पोरांना कुरमुरे लागतात. बैठकीवर बसणारे माणूस गेले म्हणून दुकान गेले. माझ्या तिन्ही बाजूंना हे घडलेले मी पाहिले. माझ्या दुकानात बसणारे माणूस आहे. गावाला ते दिसू द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

कलम ३. सबब वरील चतुःसीमेतील दुकान, मागचे राहते घर, माळा अडकवायच्या दांड्या, बसायची गादी, मालाच्या पेट्या आणि पेट्यांतला माल, हे सर्व मी माझी सून केसर, सदा बाबाजी कासार याची विधवा, हिला पूर्ण मालकी हक्काने देतो. फक्त तिच्या हयातीपुरते नव्हे. तिने विकावे, ठेवावे, कोणाला द्यावे, तिची मर्जी. तिने माहेरी जावे असे कोणी सुचवल्यास त्याने आपल्या घरची सून आधी तिच्या माहेरी पाठवून बघावी.

कलम ४. हरेश्वरविषयी. वाडीतली नारळीची झाडे मी हरेश्वरला देतो. तो माझ्या भावाचा मुलगा आहे, मनाने वाईट नाही, पण त्याला घाई फार. मी तापाने पडलो होतो तेव्हा तो दोरी घेऊन मधला रस्ता मोजत होता. मी विचारले तर म्हणाला, "काका, सहज. तुमच्या पश्चात तिकडे टेबलं मांडली तर गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी बसेल." आणि केसर? "तिला पोटापुरतं मी देईनच की. बाईमाणूस, त्यात ही अशी. बांगड्यांच्या दुकानात बसून ती करणार काय?"

ती काय करते, ते हरेश्वर रोज समोरून बघतो. म्हणून त्याला दुकान नाही. झाडे आहेत. नारळाला घाई चालत नाही, तेवढे तरी शिकेल.

कलम ५. आता ठमाबाईंविषयी. त्या इथे समोर बसल्या आहेत आणि मी त्यांच्या देखत सांगतो आहे.

सदाची बातमी आली त्या दिवशी गावातल्या बायका घरी आल्या. पुढे ठमाबाई. रीत म्हणून केसरच्या हातातल्या बांगड्या फोडायला आल्या. त्या हिरव्या बांगड्या मी भरल्या होत्या. ती नवरी होऊन उंबरा ओलांडून आली तेव्हा तिचा हात इतका लहान होता की मला पेटीच्या तळाशी माप शोधावे लागले. मी दारात उभा राहिलो आणि म्हटले, कासाराच्या घरात बांगडी फोडत नाहीत. उतरवायच्या असतील तर मी उतरवतो, मला न फोडता उतरवता येतात. मग साबणाचे पाणी करून मी एक एक बांगडी उतरवली. तिचा हात दगडासारखा ताठ होता. मी जन्मभर बायकांना सांगत आलो, "हात सैल सोड." त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघेना. त्या बांगड्या एका दोऱ्यात ओवून मी पेटीत ठेवल्या. त्या विक्रीच्या नाहीत. त्या केसरच्या आहेत. तिने त्यांचे काय करावे हे मला सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही.

बाहेर जाताना ठमाबाई पायरीवर म्हणाल्या, "ह्या दुकानात आता तिची सावली पडू द्येऊ नका. सवाष्नींचा चुडा भरायचा हाय इथं." सगळ्या बायकांनी ऐकले. मीही ऐकले. तेवढे एक वाक्य मी अजून विसरलो नाही.

कलम ६. पडद्याविषयी. सदा गेल्यावर माझे हात कापायला लागले. कासाराचा हात कापला की काच फुटते. गौरी-गणपतीच्या गर्दीत माझ्या हातून एका पोरीच्या मनगटाला काच लागली, रक्त आले. बायका म्हसळ्याला जायला लागल्या. दुकान त्या वर्षीच जायचे.

एका सकाळी केसर म्हणाली, "मामंजी, मला शिकवा."

मी म्हटले, "पोरी, शिकवीन. पण तुझ्या पुढ्यात हात कोण देईल?"

"माझ्या पुढ्यात नका बसवू. मला आत बसवा. मधी कापड लावा."

तुकाराम तेव्हा होता. मी त्याच्याकडे मांजरपाट घेऊन गेलो आणि म्हटले, मधोमध हात जाईल एवढी फट ठेव, कडा शिवून दे. त्याने माप विचारले. मी म्हटले, गावातला सगळ्यांत जाड हात जायला पाहिजे. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे ठमाबाईंचा." पडदा कशाला हवा ते त्याने विचारले नाही, पण फटीच्या कडेला त्याने दुहेरी शिवण घातली, म्हणजे आतले काही दिसू नये.

तेव्हापासून आजतागायत असे चालले आहे. मी बाहेर पायरीवर बसतो. बाई येते, रंग सांगते, फटीतून हात आत देते. आत केसर बांगड्या भरते. ती बोलत नाही. बोलली तर सगळ्यांना बोलावे लागेल. हात ताठ झाला की ती आतून माळ वाजवते, आणि बाहेरून मी म्हणतो, "हात सैल सोड." तिचे म्हणणे माझ्या तोंडून. भरून झाल्या की बाई उठते आणि रीतीप्रमाणे वाकून नमस्कार करते, मला. ज्याच्या हातातला पाण्याचा पेला सांडतो, त्याने चुडा भरला असे सगळे गाव मानते. कोणाला खरे माहीत नाही असे एकही घर नाही. गावाने मिळून न बघायचे ठरवले आहे.

ठमाबाई पडद्याकडे पाठ करून बसतात. खांदा वळवून हात मागे फटीत देतात आणि समोर रस्त्याकडे बघत राहतात. त्यांचा खांदा त्यामुळे धरतो, हे त्यांनी मनुबाईच्या हयातीत तिच्याकडे बोलून दाखवले होते.

कलम ७. इतकी वर्षे मला मिळालेले नमस्कार. मास्तर म्हणतात ही मिळकत नव्हे, लिहिता येत नाही. मी म्हणतो, माझ्याकडे याहून जास्त जमलेले दुसरे काही नाही. पडदा लागल्यापासून या पायरीवर बायकांनी मला केलेले सगळे नमस्कार केसरचे आहेत. ते मी तिला देतो. ती माझी सून होती, मुलगी झाली, आणि माझ्या हातांच्या जागी तिचे हात आले. माझा तिच्यावर फार जीव आहे. हे तोंडावर सांगायची आमच्यात रीत नाही, म्हणून कागदावर सांगतो.

कलम ८. मनुबाईच्या पाटल्या केसरला. बिन्यामीनने दिलेली समई केसरला. तुकारामची कात्री तुकारामच्या मुलाला, तो कधी आलाच तर.

कलम ९. माझ्या अंत्यविधीविषयी. कफनाला मांजरपाट लागते. नवे आणू नये. दुकानातला पडदा काढावा, तो माझ्या अंगावर घालावा आणि माझ्याबरोबर जाळावा. म्हणजे दुसऱ्या दिवशी ज्या बाईला बांगड्या भरायच्या असतील तिला केसरच्या तोंडाकडे बघून हात पुढे करावा लागेल. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी म्हसळ्याला जावे. रस्ता चांगला झाला आहे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र पुरे झाले. मास्तरांनी ते साक्षीदारांस वाचून दाखवले.

पुरवणी. वरील मजकूर वाचून झाल्यावर आणि सह्या व्हायच्या आत जे घडले त्यामुळे आणखी लिहावे लागत आहे. कागद तोच, शाई तीच.

वाचन संपले तेव्हा ठमाबाईंचा चेहरा लाल झाला होता. त्या म्हणाल्या, "माझं नाव घातलंत कागदावर. मी ग्येल्यावर बी लोकांनी ह्येच वाचायचं का? त्ये खोडा."

मास्तर म्हणाले, "मृत्युपत्रात खाडाखोड चालत नाही, पाटलीणबाई."

मी म्हटले, "तुम्ही बोललात ते खोटे आहे का?"

त्या म्हणाल्या, "खोटं न्हाय. बोलले व्हते. माझी थोरली तवा बाळंतपनात ग्येलेली, मी जिथं तिथं अपशकुन बघत व्हते. तुमास्नी वाटतं मला ठावं न्हाय आत कोन बसतं? बाईला पयल्याच बांगडीला कळतं. तुमचा हात गरम, हिचा गार. आन् हिनं भरल्यापासनं मला येकदा बी काच लागली न्हाय."

"मग पाठ करून का बसता?"

"तोंड दावायला लाज वाटती म्हून," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी लेखणी खाली ठेवली होती. ठमाबाई म्हणाल्या, "खोडता येत न्हाय तर खाली लिवा. मास्तर, लेखनी उचला. आन् बाबाजीभाऊ, तुमच्या मयताला थांबायचं कशाला? सुतकात काय बाया बांगड्या भरायला येनार हायत?"

असे म्हणून त्या उठल्या, आणि वयाच्या मानाने भलत्याच जोराने त्यांनी पडदा ओढला. तुकारामची शिवण टिकली, दांडीच एका बाजूने निसटली. केसर गादीवर बसलेली होती, मांडीवर हिरवी माळ. रस्त्यावर नारळ घेऊन चाललेल्या दोन बाया थांबल्या. समोर हरेश्वर हातात किटली घेऊन उभा राहिला. ठमाबाई तिच्यासमोर बसल्या, तोंड तिच्याकडे करून, आणि हात पुढे केला.

केसरने माझ्याकडे बघितले. मी मान खाली घातली. मी बोललो असतो तर दुकान पुन्हा माझे झाले असते.

मग तिने ठमाबाईंचा हात घेतला. हात ताठ होता. माळेकडे तिचा हात गेला, वाजवायला, सवयीने, आणि थांबला.

"हात सैल सोडा, मावशी," केसर म्हणाली.

या दुकानात तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बाजारानेही पहिल्यांदा ऐकला. बांगड्या भरून झाल्यावर ठमाबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. केसरने पाय मागे घेतले. "घे, बाय. तुझाच हाय," ठमाबाई म्हणाल्या. मी रडलो, हे मास्तरांनी लिहावे.

सबब कलम ९ रद्द समजावे. पडदा आज उतरला, त्याची दुकानात फडकी होतील. माझ्यासाठी नवे मांजरपाट आणावे, ते हरेश्वरने आणावे. कलम ५ तसेच राहील, पण त्याच्याबरोबर ही पुरवणीही वाचली जावी, एकटे कलम कोणी वाचू नये. निसटलेली दांडी पुन्हा भिंतीत ठोकावी, माळा अडकवायला उपयोगी पडेल.

सही, कापऱ्या हाताने: बाबाजी रावजी कासार

साक्षीदार: ठमाबाई पाटलीण, निशाणी डावा अंगठा. (अंगठा उठवताना नव्या बांगड्यांना लागलेली शाई कागदावर उमटली, ती खाडाखोड समजू नये.)

साक्षीदार व लेखक: मोरेश्वर मास्तर, सही दस्तुर खुद्द

तारीख १८ डिसेंबर १९३६

स्थळ: केसर कासारणीचे दुकान, बोर्ली पंचतन